पाणी खाली, तेल वर: गेमला हे कळतं कसं?

‘द पावडर टॉय’ नावाचा एक फुकट मिळणारा गेम आहे. गेम म्हणण्यापेक्षा खेळणंच. त्यात जिंकायचं-हरायचं काही नाही. काळा पडदा, कडेला पदार्थांची यादी, आणि हवा तो पदार्थ माउसने पडद्यावर सोडायचा. तिथे एक उभं भांडं काढा, त्यात आधी तेल भरा आणि मग वरून पाणी सोडा. काही क्षण नुसती झुंबड उडते. पाण्याचे ठिपके तेलात घुसतात, तेलाचे पुंजके मधूनच वर सुटतात, दोन्ही रंगांची सरमिसळ होते. मग हळूहळू सगळं निवळतं. खाली निळं पाणी, वर तेलाचा थर, आणि मध्ये बऱ्यापैकी सरळ रेघ.

बघणाऱ्याला वाटतं, आत कुठेतरी आर्किमिडीजचा नियम लिहिलेला असणार, प्रत्येक थेंबावरचं उत्प्लावक बल मोजलं जात असणार. तसं काही नसतं. बल नाही, थेंबही नाही. ‘थर’ नावाची गोष्ट त्या प्रोग्रॅमला माहीतच नाही. जे घडतं ते एका अगदी किरकोळ नियमातून घडतं. तो नियम नेमका काय करतो आणि कुठे तोकडा पडतो, हे एकदा समजलं की असे गेम खेळताना पडद्यावरच्या निम्म्याअधिक गोष्टींचा उलगडा होतो.

पडद्याची कल्पना आधी पटासारखी करा. पावडर टॉयचा पट ६१२ घरं रुंद आणि ३८४ घरं उंच, म्हणजे एकूण २,३५,००८ घरं. एक घर म्हणजे एक पिक्सेल. ढोबळमानाने एका घरात एका वेळी एकच कण मावतो: पाणी तरी, तेल तरी, वाळू तरी, नाहीतर ते घर रिकामं. अर्धं पाणी-अर्धं तेल अशी सोय नाही. प्रत्येक पदार्थाला गेम लिहिणाऱ्यांनी एक वजन देऊन ठेवलंय. तेलाचं २०, पाण्याचं ३०, खाऱ्या पाण्याचं ३५, लाव्हाचं ४५, वाळूचं ९० आणि पाऱ्याचं ९१.

आपल्याला हवी होती घनता, आणि इथे मिळतंय वजन. ते चालतं कसं? शाळेत घोकलेली व्याख्या आठवा: घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. पटावरच्या सगळ्या घरांचं आकारमान एकसारखं आहे. सगळ्यांना एकाच संख्येने भागायचं असेल तर भागलं काय नि न भागलं काय, कोण जड नि कोण हलकं हे बदलत नाही. म्हणून अशा गेममध्ये दोन शब्दांपैकी कुठलाही वापरला तरी मतलब एकच.

आता नियम. गेम प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडदा नव्याने रंगवला जातो त्या प्रत्येक वेळी, एकेका कणाकडे जातो आणि विचारतो, तुझ्या खालच्या घरात काय आहे? रिकामं असेल तर खाली ये. तुझ्याहून हलका पदार्थ असेल तर त्याच्याशी जागेची अदलाबदल कर. तुझ्याइतकाच किंवा तुझ्याहून जड असेल तर तिथे थांब. बस. पाण्याच्या कणाखाली तेलाचा कण आला की ३० आणि २० यांची तुलना होते, पाणी एक घर खाली येतं, तेल एक घर वर जातं. तेलाला वर ढकलणारं कुणी नाही. पाणी खाली आलं, जागा रिकामी झाली, म्हणून तेल तिथे गेलं.

शाळेच्या मैदानात प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावायची असते तेव्हा नेमकं हेच होतं. बाई फक्त ओरडतात, ‘बुटके पुढे, उंच मागे!’ कुणी टेप घेऊन पोरांची उंची मोजत नाही आणि अख्ख्या रांगेकडे बघायला कुणाला सवडही नसते. प्रत्येक पोरगं आपल्या पुढच्याकडे बघतं. पुढचा आपल्याहून उंच दिसला की दोघं जागा बदलतात. थोडी ढकलाढकली होते आणि रांग लागते. आख्ख्या रांगेचा आराखडा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांनी हे ओळखलं असेल. शेजारच्या दोघांची तुलना करायची, क्रम चुकला असेल तर अदलाबदल करायची, असं करत राहायचं, याला बबल सॉर्ट म्हणतात. पहिल्या सत्रात शिकवतात आणि नंतर कुणी फारसं वापरत नाही, कारण ती पद्धत संथ आहे. इथे मात्र संथपणाच उपयोगी पडतो. द्रव क्षणार्धात जागेवर बसला तर बघण्यात मजा काय? शिवाय पद्धत कधीतरी थांबणार याची खात्री आहे. एका उभ्या रांगेत ‘जड वर, हलका खाली’ अशा चुकीच्या जोड्या मोजा. प्रत्येक अदलाबदलीने त्यांतली बरोबर एक कमी होते आणि नवी तयार होत नाही. दहा घरांच्या रांगेत अशा जोड्या जास्तीत जास्त ४५ असू शकतात, म्हणजे ४५ अदलाबदलींच्या आत थर लागलेच पाहिजेत.

शेजाऱ्याकडे बघून आपलं ठरवायचं, या तत्त्वावरचे गणिती पट जुने आहेत. १९४०च्या दशकात जॉन फॉन नॉयमन आणि स्टानिस्वाफ उलाम या गणितज्ञांनी त्यांचा पाया घातला, आणि १९७० साली जॉन कॉनवेच्या ‘गेम ऑफ लाइफ’मुळे ते सगळ्यांच्या तोंडी झाले. वाळू-पाण्याची खेळणी त्यानंतर बरीच उशिरा आली. २००५च्या सुमारास जपानमधून ब्राउझरमध्ये चालणारी अशी खेळणी पसरली आणि मग त्यांच्या नकलांचं पेवच फुटलं.

सोप्या नियमातली खोच

वाचताना नियम सोपा वाटतो. स्वतः लिहायला बसलं की पहिला प्रश्न येतो: पटावरून कुठल्या दिशेने फिरायचं?

समजा वरच्या ओळीपासून सुरुवात केली. सगळ्यांत वरच्या ओळीत पाण्याचा एक कण आहे, खाली सगळं रिकामं. गेम त्याला एक घर खाली आणतो आणि दुसऱ्या ओळीकडे वळतो. तिथे कोण भेटतं? तोच कण. त्याला पुन्हा खाली आणतो. तिसऱ्या ओळीत पुन्हा तोच. असं करत एकाच फ्रेममध्ये कण थेट तळाला. पडताना दिसतच नाही. वर होता, आता खाली आहे, एवढंच. म्हणून पहिला धडा असा की खालून वर फिरायचं. तळाची ओळ आधी, मग त्यावरची. कण खाली आला तरी ती ओळ आधीच उरकलेली असते, त्यामुळे एका फ्रेममध्ये एकच घर.

बहुतेक ठिकाणी सांगणं इथेच संपतं. पण तेल-पाणी आलं की हा उपाय उलटा अंगावर येतो. एका उभ्या रांगेत तळाला तेलाचा एक कण आणि त्यावर पाण्याचे तीन. खालून वर फिरा. दुसऱ्या घरातलं पाणी खाली बघतं, तेल दिसतं, अदलाबदल. तेल आता दुसऱ्या घरात. गेम तिसऱ्या घराकडे जातो. तिथलं पाणी खाली बघतं, पुन्हा तेच तेल, अदलाबदल. चौथ्या घरातही तेच. एकाच फ्रेममध्ये तेल तळापासून माथ्यावर! पाणी शहाण्यासारखं एकेक घर खाली आलं, पण तेलाने लिफ्ट पकडली. पडणाऱ्याला आवरलं तर चढणारा सुटतो.

उपाय म्हणजे शिक्का. या फ्रेममध्ये जो कण एकदा हलला, मग तो स्वतःहून खाली आलेला असो की कुणी वर लोटलेला, त्याच्यावर खूण करायची आणि पुढच्या फ्रेमपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तेल एक घर चढतं आणि थांबतं. काही जण खुणेऐवजी चिठ्ठ्या टाकतात: अदलाबदल शक्य असली तरी ती शंभरातून ठरावीक वेळाच होऊ द्यायची. त्यात एक जादा फायदा मिळतो, त्याकडे पुढे येऊ.

डाव्या-उजव्याचंही असंच. खाली जाता आलं नाही तर द्रव तिरका खाली जाऊन बघतो. तेही जमलं नाही तर आडवा सरकतो. प्रत्येक वेळी आधी डावीकडे बघितलं तर सगळे द्रव डावीकडे कलतात, भांडं कुणी तिरकं धरल्यासारखे. म्हणून दिशा आलटूनपालटून घ्यायची, नाहीतर नाणं उडवायचं.

आडवं सरकणं हे थर सपाट होण्याचं खरं कारण आहे, आणि हे सहज लक्षात येत नाही. तेलात वरून एकाच जागी पाणी सोडलं तर ते तळाशी जाऊन ढीग करतं. तिरक्या चालीने त्या ढिगाच्या बाजू घसरतात आणि पायऱ्यांसारखा उतार उरतो. वाळूचा ढीग इथेच थांबतो. पाण्याला पुढे जायचं असेल तर ढिगाच्या माथ्यावरच्या कणाला तेलातून आडवं चालत जाऊन कुठेतरी खाच शोधावी लागते. म्हणजे ‘हलक्याशी अदलाबदल’ हा नियम खालच्या घराइतकाच शेजारच्या घरालाही लावावा लागतो. तो लावला नाही तर पाणी हवेत सपाट होतं आणि तेलाखाली मात्र ढिगासारखं बसतं. हौशी गेममध्ये हा दोष हमखास दिसतो.

सपाट छताखाली अडकलेलं तेल मात्र तिथेच राहतं. वर घट्ट दगड, खाली पाणी, जायला वाट नाही. ही काही गेमची चूक नव्हे. जमिनीखालचं खनिज तेल असंच साठतं: पाण्याने भरलेल्या सच्छिद्र खडकातून हलकं तेल वर सरकतं आणि ज्यातून झिरपता येत नाही अशा थराखाली अडतं. १९७४ साली मुंबईपासून दूर समुद्रात सापडलेलं मुंबई हायचं तेल चुनखडकात याच कारणाने थांबलेलं आहे. वर वायू, मध्ये तेल, खाली पाणी, हा क्रम तेलक्षेत्रांत नेहमीचाच.

सगळं शांत झाल्यावर

६१२ गुणिले ३८४ घरं, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला १ कोटी ४१ लाख वेळा ‘तुझ्या खाली काय आहे?’ हा प्रश्न. आजच्या कॉम्प्युटरला ते जड नाही. पण जग याहून मोठं झालं की घाम फुटतो. फिनलंडच्या नोल्ला गेम्सचा ‘नॉइता’ हे त्याचं ठळक उदाहरण. तो २०१९ मध्ये अपुऱ्या रूपात आणि २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यातला जवळजवळ प्रत्येक पिक्सेल कशाचा तरी बनलेला आहे: माती, कोळसा, रक्त, व्हिस्की, विषारी चिखल. त्याचे एक निर्माते पेत्री पुर्हो यांनी २०१९च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ही यंत्रणा उलगडून दाखवली होती.

तिथे जगाचे ६४ बाय ६४ पिक्सेलचे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकडा आपल्यात गेल्या फ्रेमला काही हललं का याची नोंद ठेवतो, आणि हललं असेल तेवढाच चौकोन पुढच्या फ्रेममध्ये तपासला जातो. बाकीचं जग झोपलेलं. आता थरांशी याचा संबंध बघा. थर लागले याचा अर्थ चुकीची जोडी एकही उरली नाही. चुकीची जोडी नाही म्हणजे हालचाल नाही. हालचाल नाही म्हणजे तपासणी नाही. नीट थर लागलेलं तळं प्रोसेसरला जवळजवळ फुकटात पडतं. गुहेत कुठेतरी एखादी टाकी फुटली की तेवढाच भाग जागा होतो.

म्हणूनच आडवं सरकणं डोकेदुखीही ठरतं. खाली जाण्याला शेवट आहे, आडवं फिरण्याला नाही. पाण्याच्या सपाट थरावर एकच जादा कण उरला तर तो खाच शोधत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे येरझाऱ्या घालत बसतो आणि अख्ख्या तुकड्याला झोपू देत नाही. अशा गेममध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर एखादा पिक्सेल वेड्यासारखा धावताना दिसतो तो हाच.

आणखी एक अडचण कामाच्या वाटपाची. प्रोसेसरचे अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, एकाच वेळी राबवायचे तर शेजारशेजारचे दोन तुकडे एकाच पिक्सेलवर हक्क सांगू शकतात. एकाने पाणी खाली नेलं, दुसऱ्याने तेच पाणी बाजूला नेलं. पाणी दुप्पट झालं किंवा गायब झालं. नॉइतात तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे चार गटांत वाटून एकेक गट पाळीने चालवतात, त्यामुळे एका वेळी चालणारे दोन तुकडे एकमेकांना खेटून नसतात. प्रत्येक पिक्सेलला आपल्या तुकड्याबाहेर ३२ पिक्सेलपर्यंत मोकळेपणी जाता येतं.

पारा ९१ असो की ३६

आता माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खरा पारा पाण्याच्या साडेतेरापट जड असतो. पावडर टॉयमध्ये ९१ आणि ३०, म्हणजे जेमतेम तिप्पट. लाव्हा ४५ आणि वाळू ९०, हे प्रमाणही खऱ्या जगातलं नाही. तरी काही बिघडत नाही, कारण नियम एवढंच विचारतो: कोण मोठं? उद्या कुणी पाऱ्याचं वजन ३६ केलं तर तो खाऱ्या पाण्याखाली आजच्याइतक्याच सहज जाऊन बसेल. ते आकडे म्हणजे घनता नाहीच, तो नुसता अनुक्रमांक आहे. वाळू ९० आणि पारा ९१ यांतला एकचा फरक तेवढा मुद्दाम ठेवलेला दिसतो: वाळू पाऱ्यावर तरंगायला हवी, आणि तरंगते.

अनुक्रमांकाने क्रम लागतो, पण वेग कळत नाही. खऱ्या द्रवात छोटा थेंब किती वेगाने बुडेल किंवा वर येईल हे दोन घनतांच्या फरकावर आणि द्रव किती चिकट आहे यावर ठरतं. फरक दुप्पट झाला तर वेगही दुप्पट होतो. थेंबाची त्रिज्या दुप्पट झाली तर वेग चौपट. दुधावर साय यायला तास लागतात, कारण स्निग्धांशाचे कण बारीक असतात आणि त्यांची घनता पाण्याहून थोडीच कमी असते. गेममध्ये मात्र तेल पाण्यातून ज्या झपाट्याने चढेल त्याच झपाट्याने पाऱ्यातूनही चढेल.

मघाशी चिठ्ठ्यांचा जादा फायदा म्हटलं तो इथे. अदलाबदलीची शक्यता दोन वजनांतल्या फरकावर ठरवली तर फरक कमी असलेले द्रव सावकाश वेगळे होतात आणि जास्त असलेले चटकन. द्रवाला चिकटपणा द्यायचा असेल तर शक्यता आणखी घटवायची. मध रेंगाळतो, पाणी धावतं. एका ओळीचा बदल, पण परिणाम एवढा की नुसतं बघूनच द्रव ओळखता येतो.

वेगाची उणीव अशी भरून काढता येते. दाबाची येत नाही. इंग्रजी यू अक्षरासारखी नळी घ्या. एका बाजूला पाणी ओतलं तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पातळीपर्यंत चढायला हवं. पण ‘खाली बघ, तिरकं बघ, बाजूला बघ’ एवढंच येणारं पाणी वर चढेल कशाला? नळीचा खालचा वाक भरला की उरलेलं पाणी ओतलेल्या बाजूलाच साचत जातं. पावडर टॉयमध्ये यासाठी ‘वॉटर इक्वलायझेशन’ नावाचा वेगळा पर्याय ठेवलाय. तो चालू केला की पाण्याचा कण सलग जोडलेल्या पाण्यातून वाट काढत मोकळी जागा शोधतो आणि थेट तिथे उडी मारतो. डोळ्यांना पातळी समान झालेली दिसते, म्हणजे काम भागतं.

दोन द्रव आले की मात्र तेही भागत नाही. खऱ्या नळीत एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला रॉकेल असेल तर रॉकेलची पातळी वर राहते. रॉकेलची घनता पाण्याच्या सुमारे ०.८ पट, म्हणून १० सेंटीमीटर रॉकेलला ८ सेंटीमीटर पाणी तोलून धरतं. हा ०.८ आकडा खराच लागतो. ‘रॉकेल हलकं’ एवढ्यावर उत्तर निघत नाही. अनुक्रमांकाचं पितळ उघडं पडतं ते इथे.

शास्त्रज्ञांनीही घरांच्या पटावर द्रव वाहवून पाहिले आहेत. १९७३ साली चौकोनी घरांवर कण सोडून केलेला एक प्रयत्न फसला, कारण पटाच्या दिशा वाहण्यात डोकावत होत्या. द्रव सगळीकडे सारखा पसरत नव्हता. १९८६ मध्ये फ्रिश, हासलाखर आणि पोमो यांनी षटकोनी मांडणी घेतली आणि तिथे कणांच्या साध्या टकरींतून खऱ्या द्रवाची समीकरणं निघतात हे दाखवलं. गेमवाले अर्थात चौकोनी पिक्सेलवरच खूश आहेत, कारण पडदाच चौकोनी पिक्सेलचा आहे. म्हणून गेममधले ढीग ४५ अंशांत कललेले दिसतात.

जे थर लागायला नकोत

आत्तापर्यंत धरून चाललो की दोन द्रव वेगळे राहतात. पण अल्कोहोल पाण्याहून बरंच हलकं, घनता ०.७९ च्या आसपास, तरी पेल्यात त्याचा वेगळा तवंग येत नाही. ते पाण्यात मिसळून जातं. तेल का मिसळत नाही याचं उत्तर घनतेत नसून रेणूंच्या स्वभावात आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, अल्कोहोलला सामावून घेतात, तेलाला घेत नाहीत. घनता फक्त एवढं ठरवते की वेगळे राहिलेच तर वर कोण.

नुसत्या वजनाच्या नियमाला हे कळत नाही. म्हणून गेममध्ये मिसळणं वेगळ्या नियमांनी करावं लागतं: अमुक तमुकाला भेटला तर त्याचं ढमुक करा. पावडर टॉयमध्ये पाण्यात मीठ टाकलं की कण शेजारी येऊन हळूहळू खारं पाणी बनतं, आणि ते ३५ वजनाचं असल्यामुळे साध्या पाण्याखाली बसतं. खाडीच्या मुखाशी खरंच असं होतं, गोडं पाणी वर आणि भरतीचं खारं पाणी खालून आत शिरतं. पण तिथे मधल्या पट्ट्यात क्षार टप्प्याटप्प्याने वाढत जातात. गेममधलं पाणी एकतर खारं असतं नाहीतर नसतं. मचूळ पाणी नावाचा प्रकारच नाही.

तापमानाचंही तेच. खरं पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं; तापलं की हलकं होऊन वर येतं, गार पाणी खाली जातं, आणि पातेलं उकळायला ठेवलं की हे चक्र चालू राहतं. गेममध्ये वजन ठरलेलं असेल तर तळाशी आग लावली तरी पाणी जागचं हलत नाही, उष्णता फक्त एका कणातून दुसऱ्यात जाते. वजन तापमानाप्रमाणे बदलू द्यायला हरकत नाही, पण मग पाणी कधी शांतच होणार नाही आणि ती झोपायची सोय गेली.

काही गेम या भानगडीत पडतच नाहीत. माइनक्राफ्टमध्ये पाणी आणि लाव्हा समोरासमोर आले की दगड नाहीतर ऑब्सिडियन (काळी ज्वालामुखी काच) होतो; कोण कुणावर तरंगेल हा प्रश्नच संपला. टेरारियात पाणी, लाव्हा आणि मध आहे, पण तिथेही दोन वेगळे द्रव भेटले की घट्ट ठोकळा तयार होतो. ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये पाणी आणि मॅग्मा भेटले की पुन्हा ऑब्सिडियन. पळवाट आहे, पण चतुर. खेळणाऱ्याला दगड मिळतो, लिहिणाऱ्याला सुट्टी.

याउलट कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या क्लाय एंटरटेनमेंटचा २०१९चा ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ सगळा डाव थरांवरच मांडतो. एका लघुग्रहाच्या पोटात माणसं अडकली आहेत. त्यांना हवा, पाणी, अन्न पुरवायचं. कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो, हायड्रोजन छताला जातो, द्रवही आपापल्या क्रमाने बसतात. इथलं घर पिक्सेलपेक्षा खूप मोठं आहे आणि त्यात किती किलो माल आहे हे मोजलं जातं. पाण्याच्या भरलेल्या घरात सुमारे १००० किलो, कच्च्या तेलाच्या घरात ८७०. हे आकडे मात्र खऱ्या घनतेच्या जवळचे आहेत.

पण ‘एका घरात एकच पदार्थ’ हा नियम इथेही कायम आहे, आणि मोठ्या घरांमुळे तो चमत्कारिक होतो. घरात हजार किलो पाणी असो की किलोभर, घर तेवढंच अडतं. वायूला त्यात शिरता येत नाही. अनुभवी खेळाडूंनी याचाच फायदा उठवला. दोन खोल्यांमधली हवा एकमेकींत मिसळू द्यायची नसेल तर ते दरवाजा बसवत बसत नाहीत. वाटेत थोडासा द्रव अडवून ठेवतात. वाट दोन घरं उंच असेल तर खालच्या घरात एक जड द्रव आणि त्यावर दुसरा हलका, अगदी थोडा. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, क्रमही बदलत नाहीत, आणि वायूला वाट सापडत नाही. माणसं मात्र त्यातून बिनदिक्कत ये-जा करतात. फार तर कपडे भिजल्याची कुरकुर करतात.